पहिल्या परिषदेचं चीज कसं करायचं: मुंबईला येणाऱ्या नवख्या संवर्धकासाठी

जुन्या कलावस्तू जपणाऱ्यांच्या परिषदेहून परतलेल्या नवख्या संवर्धकाच्या पिशवीत बहुधा तीन गोष्टी असतात: गळ्यातला बिल्ला, आयोजकांनी दिलेलं पेन आणि मोबाईलमध्ये पडद्याचे शे-दोनशे तिरके फोटो. महिन्याभराने त्यातला एकही फोटो कुणी उघडत नाही. आपण नेमकं काय शोधायला चाललोय, हे निघण्याआधी ठरलेलं नसलं की असंच होतं. त्यामुळे पहिली पायरी रजिस्ट्रेशनच्याही आधीची आहे.

१. टेबलावर अडलेलं एक काम निवडा

तुमच्याकडे सध्या अडून बसलेली एकच वस्तू निवडा. ‘कागदाच्या संवर्धनाबद्दल शिकायचंय’ असं म्हणत कुणापुढे उभं राहिलात, तर समोरचा माणूस हसून एखाद्या पुस्तकाचं नाव सांगेल. त्याऐवजी असा प्रश्न पाहा. एक सचित्र पोथी आहे. चित्रांच्या चौकटीला जंगाल, म्हणजे तांब्यापासून केलेला हिरवा रंग लावलाय. जिथे हिरवा आहे तिथे कागद तपकिरी पडून मोडतोय आणि चौकटीच्या रेषेवरून चित्र खिडकीच्या तावदानासारखं सुटून येतंय. गव्हाच्या खळीने जपानी कागद, म्हणजे दुरुस्तीचा पातळ, लांब तंतूंचा कागद चिकटवावा, तर खळीतल्या पाण्याबरोबर तांब्याचे आयन शेजारच्या धड कागदात पसरतात आणि नुकसान पुढे सरकतं. पाणी टाळून अल्कोहोलमधलं क्लुसेल जी हे चिकटद्रव्य घ्यावं, तर शेजारचा लाल रंग अल्कोहोलमध्ये सुटतो. मग पट्टी लावायची कशी?

या प्रश्नावर कागदवाला, रंगद्रव्याचं विश्लेषण करणारा आणि जपानी कागद विकणारा असे तिघेही तुमच्याशी पंधरा मिनिटं बोलतील. प्रत्येक जण वेगळं बोलेल, आणि तेच तुम्हाला हवंय.

हा प्रश्न एका ए४ कागदाच्या एका बाजूवर बसवा. वस्तू काय, कशाची, माप किती. नुकसान कुठे आणि तुमच्या अंदाजाने कशामुळे. काय करून पाहिलं, किती टक्क्यांचं द्रावण, कशात, किती वेळ, आणि काय झालं. कोठारातलं तापमान आणि आरएच (सापेक्ष आर्द्रता), शक्यतो मे आणि जुलै असे दोन्ही महिन्यांचे आकडे, कारण आपल्याकडे वर्षाची सरासरी म्हणजे शुद्ध फसवणूक असते. शेवटी एका वाक्यात प्रश्न. मागच्या बाजूला तीन फोटो: रंगपट्टी आणि मोजपट्टीसह अख्खी वस्तू, तिरप्या प्रकाशातला एक, आणि नुकसानीचा जवळून एक. अशा दहा प्रती काढा. फोनवर फोटो दाखवत बसलं की मध्येच फोन येतो, स्क्रीन बंद पडते, ज्येष्ठ मंडळींना चष्मा शोधावा लागतो. कागद हातात दिला की तो घरीही जातो.

इथे एक गोष्ट हमखास राहून जाते: परवानगी. वस्तू संग्रहालयाची असेल तर प्रमुखांची, खाजगी असेल तर मालकाची लेखी परवानगी घ्या. मालकाचं नाव, वस्तूची किंमत, ती कोठारात कुठे ठेवलीय आणि नोंदणी क्रमांक यातलं काहीही कागदावर नको. मूर्ती आणि नाण्यांच्या बाबतीत तर हा थेट सुरक्षेचा प्रश्न आहे.

२. कुठली परिषद, आणि कशासाठी

आंतरराष्ट्रीय पातळीवर दोन नावं सतत कानावर येतील. आयकॉम-सीसी, म्हणजे जागतिक संग्रहालय परिषदेची संवर्धन समिती, दर तीन वर्षांनी भरते. २००८ मध्ये ती नवी दिल्लीत भरली होती. दुसरी लंडनची आयआयसी, म्हणजे संवर्धकांची आंतरराष्ट्रीय संस्था, तिची परिषद दोन वर्षांनी. भारतात सांस्कृतिक संपदेच्या संवर्धकांची स्वतःची संघटना आहे. शिवाय संग्रहालयं, विद्यापीठं, वारसा जपणारी इन्टॅक आणि लखनौची राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळा एनआरएलसी यांचे चर्चासत्रं-कार्यशाळा असे कार्यक्रम होत असतात. महाराष्ट्रातल्या माणसाला मुंबईतली परिषद स्वस्त पडते. व्हिसा नाही, नातेवाईक आहेत, आणि परिषद संपल्यावर सामानाची खरेदीही इथेच उरकते.

निवडताना पाहुण्यांच्या यादीवर जाऊ नका. मागच्या खेपेचा कार्यक्रम मिळवा आणि तीन गोष्टी पाहा: पोस्टरसाठी स्वतंत्र वेळ आहे का, चहाची सुटी किती मिनिटांची आहे, आणि पुरवठादारांचे स्टॉल लागतात का. चहाची सुटी पंधरा मिनिटांची असेल तर ती रांगेतच संपते. अर्ध्या तासाची सुटी असलेली छोटी परिषद नवख्याला दिमाखदार मोठ्या परिषदेपेक्षा जास्त देऊन जाते, असं आमचं स्पष्ट मत आहे.

शुल्कात विद्यार्थ्यांची सवलत किती वर्षांपर्यंत धरतात ते विचारा. मदतनीस म्हणून काम केलं तर शुल्क माफ होतं का, हेही विचारा. नोंदणीच्या टेबलावर एक सकाळ बसलात, तर सगळ्यांचे चेहरे आणि नावं आपोआप जुळतात. मात्र सत्राच्या वेळी माईक घेऊन धावायचं काम गळ्यात पडणार असेल तर पैसे भरलेले बरे.

३. सारांश पाठवणार असाल तर

सारांश मागवण्याची मुदत परिषदेच्या बऱ्याच महिने आधी संपते, म्हणजे काम त्याआधी किमान अर्धं झालेलं हवं. परीक्षक सगळ्यात आधी कशावर फुली मारतात? ‘अभ्यास केला जाईल’, ‘निष्कर्ष मांडले जातील’ या वाक्यांवर. निकाल लिहा. नमुने किती घेतले, चिकटद्रव्य किती टक्के आणि ते वजनाला आकारमान की वजनाला वजन, वाळायला किती वेळ, तुलनेसाठी न हाताळलेला नमुना ठेवला होता का. ३ टक्के मिथाइल सेल्युलोज असं नुसतं लिहून भागत नाही. त्याचा कोणता ग्रेड, हेही हवं, कारण ग्रेड बदलला की त्याच टक्क्याला दाटपणा पार बदलतो.

फसलेला प्रयोगही द्या. या क्षेत्रात फसलेलं कुणी छापत नाही, त्यामुळे तेच फसणं पुढच्या गावात पुन्हा होतं.

शब्दांबद्दल एक सूचना. २००८ च्या दिल्लीच्या परिषदेत आयकॉम-सीसीने तीन संज्ञा पक्क्या केल्या. वस्तूला हात न लावता तिच्या भोवतालात केलेले उपाय म्हणजे प्रतिबंधात्मक संवर्धन. चालू असलेली झीज थांबवण्यासाठी थेट वस्तूवर केलेले उपाय म्हणजे उपचारात्मक संवर्धन. वस्तू समजावी, नीट पाहता यावी म्हणून केलेलं काम म्हणजे पुनर्स्थापन. कपाटात ओल शोषणारं सिलिका जेल ठेवून त्याला ‘रिस्टोरेशन’ म्हणू नका. जाणकार तिथेच वाचन थांबवतो.

४. पोस्टर: कागद, कापड की फ्लेक्स

नवख्याने भाषणापेक्षा पोस्टर घ्यावं. भाषणाला दहा-पंधरा मिनिटं मिळतात आणि प्रश्न एखादाच येतो. पोस्टरपुढे माणूस थांबतो, बोट ठेवून विचारतो, आपलं उदाहरण सांगतो.

आयोजकांना आधी फलकाचं माप आणि तो उभा की आडवा हे विचारा. ए० म्हणजे ८४१ × ११८९ मिलिमीटर. आडवं केलेलं पोस्टर उभ्या फलकावर दोन्ही बाजूंनी बाहेर लोंबतं आणि मग दुपारभर सेलोटेपची शोधाशोध चालते. शीर्षक ८५ ते १०० पॉइंट, मजकूर २४ च्या खाली नको, शब्द ६०० च्या आत. दीड मीटरवरून वाचता आलं पाहिजे. हे तपासायला घरातल्या कुणाला तरी समोर उभं करा आणि ए० चा चौथा हिस्सा खऱ्या मापात छापून भिंतीला लावा. फोटो छापायच्या मापाला २०० ते ३०० डीपीआय हवेत. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो त्यात बसत नाही, मूळ फाईल मागवा.

आधीचा आणि नंतरचा फोटो एकाच प्रकाशात, एकाच एक्स्पोजरला, रंगपट्टीसह काढलेले असावेत. आधीचा अंधारा आणि नंतरचा उजळ असला की वस्तू उजळ दिसते, पण ती करामत दिव्याची असते. तुमच्यापुढे येणारे लोक रोज हेच पाहतात. त्यांच्या ते लगेच लक्षात येतं.

मराठी मजकूर असेल तर छपाईत जोडाक्षरं फुटतात. ‘संग्रहालय’ असं पाठवावं आणि छापून ‘संग् रहालय’ यावं, कारण दुकानाच्या संगणकावर तुमचा फॉन्ट नसतो. पीडीएफ काढताना फॉन्ट आत बसवा किंवा अक्षरांचं रूपांतर आकारात करा, आणि दुकानात उभं राहून एक प्रूफ पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

दुकानदार आधी फ्लेक्सच काढेल, तो स्वस्त असतो. फ्लेक्स म्हणजे पीव्हीसी, संवर्धक जुन्या वस्तूंजवळ टाळतात तेच प्लास्टिक. चमकतो, दिव्याखाली वाचता येत नाही, गुंडाळी उघडली की वास येतो. संवर्धकांच्या मेळाव्यात पीव्हीसीवर पोस्टर टांगणं म्हणजे दंतवैद्याच्या लग्नात पंगतीला खडीसाखर वाढण्यासारखं. मॅट कागद चांगला दिसतो, पण पावसाळ्यात तो लहरतो, कडा वर येतात. बाहेरगावाहून येणाऱ्याला छापील कापड सगळ्यात सोयीचं: घडी करून पिशवीत जातं, उतरल्यावर उलट्या बाजूने कोमट इस्त्री फिरवली की सरळ. कागदाचाच आग्रह असेल तर नळी साधारण ९० सेंटिमीटरची लागते. सकाळी साडेआठच्या चर्चगेट फास्टमध्ये ती नळी घेऊन चढण्याचा विचारही करू नका. एक तर सातच्या आधी निघा, नाही तर पोस्टर आदल्या संध्याकाळी ठिकाणावर ठेवायची सोय करा. फोर्टमध्ये छपाईची दुकानं भरपूर आहेत, पण ऐन सकाळी तिथे छापून घेऊ म्हणणाऱ्याचं मशीन नेमकं त्याच दिवशी बंद असतं.

पोस्टरशेजारी लिफाफ्यात ए४ प्रती आणि तुमचा संपर्क असू द्या. शक्य असेल तर लावून पाहिलेल्या पट्टीचा, द्रावणाचा, कापडाचा खरा नमुना हात लावायला ठेवा. फोटो पाहून लोक पुढे जातात, नमुना हातात आला की थांबतात.

५. मुंबईत राहणं-फिरणं

परिषद फोर्ट-काळा घोडा भागात असेल तर तिथलं राहणं महाग पडतं. दादरला उतरा. मध्य आणि पश्चिम दोन्ही मार्ग तिथे मिळतात. विमानाने येणाऱ्याला मेट्रो ३ ने थेट हुतात्मा चौकापर्यंत येता येतं आणि तिथून काळा घोडा पायी दहाएक मिनिटं. सभागृहात एसी कडक असतो, शाल ठेवा. पावसाळ्यात छत्रीसाठी प्लास्टिकची पिशवी न्या, ठिबकती छत्री घेऊन दालनात शिरणारा संवर्धक शोभत नाही.

संग्रहालयं पाहायची असतील तर सुटीचे वार लक्षात ठेवा: राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय (एनजीएमए) सोमवारी बंद, भायखळ्याचं भाऊ दाजी लाड बुधवारी.

६. सत्रं: काय ऐकायचं, काय सोडायचं

आदल्या रात्री कार्यक्रमपत्रिकेवर खुणा करा. दिवसाला चार ते पाच व्याख्यानं पुरे. त्यापुढचं डोक्यात शिरत नाही. त्यातलं एक मुद्दाम आपल्या पदार्थाबाहेरचं घ्या. कागदावर काम करणारा धातूच्या सत्राला बसला तर ऑडी चाचणी, म्हणजे सामानातून वस्तूला घातक वायू सुटतात का ते पाहण्याची चाचणी, त्याला नीट समजते. ब्रिटिश म्युझियममध्ये अँड्र्यू ऑडी यांनी १९७३ साली ती सुरू केली. चांदी, तांबं आणि शिसं यांच्या पट्ट्या तपासायच्या सामानासोबत बंद काचपात्रात, भरपूर दमट हवेत, ६० अंशांवर २८ दिवस ठेवायच्या आणि काळवंडणं, गंजणं पाहायचं. नव्या प्लायवूडच्या कपाटातून ॲसेटिक आम्ल सुटतं आणि शिसं पांढरं पडतं, हे त्या पट्टीवर डोळ्यांनी दिसतं. कपाट लाकडाचंच हवं असा वरिष्ठांचा हट्ट असेल तर हा एक फोटो तुमच्या दहा पत्रांचं काम करतो.

टिपणवहीत पानाचे रकाने आधीच आखा: पदार्थ, द्रावणाचं प्रमाण, द्रावक, वेळ, तापमान आणि आरएच, तुलनेचा नमुना, काय फसलं. ऐकताना रकाने भरत जा. जो रकाना रिकामा राहिला तोच तुमचा प्रश्न. बहुतेक वेळा तापमान-आरएचचाच रिकामा राहतो, आणि मुंबई-कोकणातल्या माणसासाठी तोच मोलाचा.

याचं कारण असं की युरोपातली बरीच पद्धत २० अंश आणि ५० टक्क्यांच्या खोलीत बसवलेली असते. पॅरालॉइड बी-७२ हे ॲक्रिलिक चिकटद्रव्य घ्या. सगळीकडे वापरतात, भरवशाचं आहे, पण साधारण ४० अंशांपाशी ते मऊ व्हायला लागतं. पत्र्याच्या छपराखालचं मे महिन्यातलं कोठार तिथवर सहज पोचतं, मग जोड सरकतो आणि पृष्ठभागावर धूळ चिकटून बसते. जास्त तापमानाला टिकणारं बी-४४ आहे, ते साधारण ६० अंशांपर्यंत घट्ट राहतं, पण ते जास्त ठिसूळ. बुरशीचंही तसंच: आरएच ६५-७० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिला की ती धरते. मुंबईच्या पावसाळ्यात बाहेरची हवा आठवडेच्या आठवडे त्याच्या वरच असते, आणि गव्हाची खळ हे बुरशीचं आणि कसरीचं आयतं जेवण. तेव्हा हात वर करून एवढंच विचारा: ‘हा जोड ८० टक्के आर्द्रतेत किती दिवस ठेवून पाहिला?’

२०१४ साली आयआयसी आणि आयकॉम-सीसी यांनी मिळून पर्यावरणाच्या मर्यादांबद्दल घोषणापत्र काढलं. एकच आकडा सगळ्या जगाला लावू नये, स्थानिक हवामान आणि ऊर्जेचा खर्च पाहावा, असा त्याचा रोख आहे. एसीच्या बिलावरून वरिष्ठांशी वाद घालायचा असेल तर आधी हे घोषणापत्र वाचून जा.

प्रश्न वीस सेकंदांत संपवा. आधी आपलं नाव आणि गाव, मग सरळ प्रश्न. ‘अतिशय सुंदर मांडणी’ वगैरे नको, आणि प्रश्नाच्या जागी स्वतःचं छोटं भाषण तर मुळीच नको. इंग्रजीची भीती वाटत असेल तर प्रश्न आधी लिहून काढा आणि वाचून दाखवा. कुणी हसत नाही. वक्ता मराठी असेल तर मराठीत विचारायलाही हरकत नाही, मात्र सभागृहात बाहेरचे पाहुणे असतील तर एक वाक्य इंग्रजीत सांगा.

पडद्याचे फोटो काढण्याआधी विचारा. अप्रकाशित काम, खाजगी संग्रहातल्या वस्तू आणि उत्खननातल्या मूर्ती यांचे फोटो संवर्धकांच्या व्हॉट्सॲप गटात टाकणारा माणूस पुढच्या वर्षी कुणाच्याच प्रयोगशाळेत बोलावला जात नाही.

७. चहाच्या टेबलापाशी

खरी परिषद इथे भरते. तीन माणसं हेरा. पहिला, तुमच्यापेक्षा चार-पाच वर्षं पुढे असलेला. त्याला नुकत्याच पडलेल्या अडचणी आठवतात, कुठे अर्ज करायचा ते माहीत असतं, आणि तो ई-मेलला उत्तर देतो. थोरामोठ्यांपेक्षा तोच जास्त उपयोगी. दुसरा, यंत्र हाताशी असलेला शास्त्रज्ञ. आयआयटी मुंबईच्या सैफ या केंद्रात बाहेरच्या संस्थांचेही नमुने विश्लेषणासाठी घेतात, अशा ठिकाणचं कुणी भेटलं तर चार गोष्टी विचारा: नमुना किती लागतो, परत मिळतो का, संस्थेचं पत्र लागतं का, नंबर लागायला किती दिवस. तिसरा पुरवठादार, त्याच्याबद्दल पुढे.

ओळख करून देताना ‘नमस्कार मॅडम, मी साताऱ्याहून आले, पोथ्यांवर काम करते, तुमच्या पोस्टरमधल्या अस्तराबद्दल एक विचारायचं होतं’ एवढं पुरे. मग पिशवीतला ए४ काढा. ‘काही काम असेल तर सांगा’ हे पहिल्याच भेटीत बोलू नका. काम असतं तेव्हा लोकांना ज्याचा प्रश्न नीट होता तोच माणूस आठवतो. आधीच्या दुरुस्तीला, कुणाच्या हाताला नावं ठेवू नका. तो ‘कुणी तरी अनाडी’ तिथेच समोसा खात उभा असतो.

कार्ड मिळालं की लगेच त्याच्या मागे दोन शब्द लिहा: ‘जंगाल, जेलॅटिन, मेल करायचाय’. रात्री वीस कार्डांतली पाच कुणाची होती हे आठवत नाही.

८. स्टॉल आणि सामान

‘ॲसिड-फ्री’ या शब्दावर थांबू नका. पीएच किती, लिग्निन (लाकडातलं कागद पिवळा पाडणारं द्रव्य) आहे का, अल्कलाइन रिझर्व्ह (आम्ल मारायला कागदात घातलेला क्षार) किती टक्के, हे विचारा. फोटो ठेवायचे असतील तर पॅट चाचणी (सामानाने फोटो खराब होतो का हे पाहणारी) झालीय का तेही. जपानी कागदाचं ग्रॅमेज (चौरस मीटरला किती ग्रॅम) आणि तंतू, कोझो (तुतीच्या सालीचा) की आणखी काही, लिहून घ्या. लहान दुरुस्तीला ३.५ ते ५ ग्रॅमचा, आधार द्यायला ९ ते १२ चा. किमान किती घ्यावा लागतो आणि कस्टम, जीएसटी धरून दारात काय पडतो, हा भाव विचारा, स्टॉलवर लावलेला नको. सिलिका जेल निळं असेल तर त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते टाळा आणि नारिंगी मागा.

नमुन्यांवर तिथल्या तिथे नाव, तारीख आणि स्टॉल लिहा. द्रवांचे नमुने मात्र घेऊ नका. अल्कोहोल, ॲसिटोन विमानात आणि रेल्वेत नेता येत नाहीत.

परिषदेनंतर अर्धा दिवस राखून प्रिन्सेस स्ट्रीटला चक्कर मारा. प्रयोगशाळेची काचपात्रं आणि रसायनं तिथे मिळतात. बाटली सीलबंद आहे का आणि लेबलवर एआर (विश्लेषणाच्या दर्जाचं, जास्त शुद्ध) लिहिलंय की एलआर (साध्या प्रयोगशाळेच्या दर्जाचं) ते पाहा. एलआर स्वस्त असतं, काचपात्रं धुवायच्या कामाला ठीक, वस्तूला लावायला नको. अस्तरासाठी मलमल मंगलदास मार्केटात स्वस्त मिळते, पण गिरणीची कांजी त्यात भरलेली असते. गरम पाण्यात किमान दोनदा, साबणाशिवाय, पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा. नाही तर ती कांजीच बुरशीला आमंत्रण ठरते.

९. प्रयोगशाळा आणि इमारती पाहताना

छत्रपती शिवाजी महाराज वस्तु संग्रहालयाचं कला संवर्धन केंद्र २००८ पासून आहे. अशा केंद्राची भेट कार्यक्रमात असेल तर नाव आधी नोंदवा, जागा मोजक्या असतात. बंद बूट घाला, पिशवी बाहेर ठेवा, टेबलावरच्या कशालाही हात लावू नका. मोठी यंत्रं पाहण्यात वेळ घालवू नका, ती तुम्हाला मिळणार नाहीत. कचरा कसा टाकतात, द्रावकांची कपाटं कुठे आहेत, धूर ओढणारी नळी टेबलापासून किती दूर, पाणी कुठून गाळून येतं आणि पावसाळ्यात वीज गेली की काय करतात, हे पाहा आणि विचारा. यातलं निम्मं तुमच्या खोलीत पुढच्या आठवड्यात करता येतं.

दगडावर काम करणाऱ्यांनी याच संग्रहालयाची भिंत बाहेरून निरखावी. कुर्ल्याचा करडा बेसॉल्ट आणि मालाडचा पिवळसर दगड एकाच भिंतीत आहेत. खारी हवा, धूर आणि पाऊस दोघांवर वेगवेगळा कसा बसलाय ते पन्हाळीखाली दिसतं. भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयात डागडुजी झालेली एकोणिसाव्या शतकातली अंतर्भागाची सजावट पाहायला मिळते. या कामाला २००५ साली युनेस्कोचा आशिया-पॅसिफिकचा पुरस्कार मिळाला. तिथे छताकडे पाहून झाल्यावर डेटालॉगर, म्हणजे तापमान-आर्द्रता नोंदवणारी यंत्रं, कुठे ठेवलेत तेही शोधा.

१०. परतल्यावर

पहिल्या दोन दिवसांत ई-मेल पाठवा, नंतर तो कधीच जात नाही. तीन ओळी: कुठे भेटलो, काय बोललो, एक नेमकी विनंती. ‘तुम्ही म्हणालात त्या जेलॅटिनचा ब्लूम (घट्टपणाचं माप) किती होता?’ याला उत्तर येतं. ‘मार्गदर्शन करावे’ याला येत नाही.

ज्याने रजा आणि पैसे दिले त्या वरिष्ठांना एक पानाचा अहवाल द्या. त्यात आपल्या संस्थेत खर्चाशिवाय बदलता येईल अशी एक गोष्ट असावी. पुढच्या वेळी रजा मिळायला तेवढं पुरतं.

ऐकलेला उपचार थेट वस्तूवर कधीच नको. आधी तशाच जुन्या, किंमत नसलेल्या कागदावर हिरवा रंग लावून बनावट नमुने करा. चार गट करा: न हाताळलेला, खळीचा, क्लुसेलचा, आणि जेलॅटिनचा आधीच लेप देऊन वाळवलेला जपानी कागद, जो जेमतेम ओलाव्याने चिकटवता येतो. प्रत्येकी किमान तीन नमुने, म्हणजे एक वाकडा निघाला तरी कळतं. दाबाखाली नीट वाळू द्या, पेन्सिलीने तारीख टाका, मागून-पुढून फोटो काढा. मग जूनच्या पहिल्या आठवड्यात ते कोठारातल्या त्याच फळीवर ठेवा जिथे पोथी असते, शेजारी डेटालॉगर. सप्टेंबर संपता संपता काढा: पट्टी सुटली का, तपकिरी कडा किती मिलिमीटर सरकली, बुरशीचा ठिपका कोणत्या गटात आला. आकडे एका पानावर मांडा आणि ते पान चहाच्या टेबलापाशी भेटलेल्या त्या माणसाला पाठवा.